पॉलिश केलेली सीडी पुन्हा का अडकते? चरे पडलेल्या डिस्कची घरगुती दुरुस्ती

लग्नामुंजीच्या चित्रीकरणाच्या व्हीसीडी, नाटकांच्या आणि कीर्तनांच्या डीव्हीडी, नाट्यसंगीताच्या सीडी अशा गोष्टी ज्या घरांत अजून जपून ठेवलेल्या आहेत, तिथे एक तक्रार वारंवार ऐकू येते. डिस्कवर चरे होते म्हणून टूथपेस्ट किंवा ब्रासो चोळला, डिस्क चालली, घरच्यांनी एकदा पाहिली. पण काही आठवड्यांनी पुन्हा लावली तेव्हा ती नेमकी त्याच जागी अडकली. मग पुन्हा पॉलिश, पुन्हा थोडे दिवस बरे, आणि पुन्हा तेच. असे तीनचार वेळा झाल्यावर डिस्कची खालची बाजू धुरकट होते आणि पूर्वी जो भाग नीट चालत होता तोही चालेनासा होतो.

याचा दोष बहुतेक वेळा पॉलिशच्या दर्जाकडे नसतो. चरा खरोखर घासून निघाला आहे की तो फक्त तात्पुरता भरला गेला आहे, आणि मुळात बिघाड त्या चऱ्यातच आहे की दुसरीकडे, या दोन गोष्टी तपासल्या जात नाहीत, म्हणून समस्या परत येते. माझे स्पष्ट मत असे आहे की घरगुती पॉलिश हा डिस्क पुन्हा नवी करण्याचा उपाय नाही. डिस्कमधील सगळे काही एकदा संगणकावर उतरवून घेता येईल एवढी सवड तो मिळवून देतो, आणि ती सवड त्याच कामासाठी वापरली पाहिजे.

बिघाड कुठे आहे, हे आधी ठरवावे

डिस्क हातात घेण्यापूर्वी त्याच प्लेयरमध्ये दुसऱ्या दोनतीन डिस्क लावून पाहाव्यात. त्याही अडखळत असतील तर दोष प्लेयरच्या भिंगावरील धुळीचा किंवा क्षीण झालेल्या लेसरचा आहे. अशा वेळी डिस्क कितीही घासली तरी उपयोग होत नाही. उलट एखादी डिस्क एका प्लेयरमध्ये अडकते आणि संगणकाच्या ड्राइव्हमध्ये सुरळीत चालते, असेही पुष्कळदा होते. तसे झाल्यास पॉलिशच्या फंदात न पडता तिथल्या तिथे प्रत काढून घ्यावी. घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर चित्रित केलेली डिस्क फक्त त्याच रेकॉर्डरवर दिसते आणि इतरत्र कोरी असल्यासारखी वागते, तेव्हा ती शेवटी बंद करण्याची, म्हणजे फायनलाइझ करण्याची, पायरी राहून गेलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या तक्रारीचा चऱ्यांशी काहीही संबंध नसतो.

त्यानंतर डिस्क उजेडासमोर धरावी. खोली थोडी अंधारी करून लेबलाच्या बाजूने विजेरीचा प्रकाश टाकावा आणि चमकदार बाजूने पाहावे. सीडीमध्ये सुईच्या टोकाएवढे लख्ख ठिपके किंवा प्रकाशाच्या रेषा दिसल्या, तर त्या जागी परावर्तक थरच नाहीसा झालेला आहे. तेथील माहिती गेलेली असते आणि कोणतेही पॉलिश ती परत आणू शकत नाही.

हे समजण्यासाठी डिस्कची रचना लक्षात घ्यावी लागते. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती आहे. माहिती त्या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे लेबलाच्या बाजूला असते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर, त्यावर लाखेसारखा संरक्षक लेप आणि त्यावर छपाई, एवढेच काय ते आवरण असते. चमकणारी खालची बाजू नाजूक आणि छापील बाजू भक्कम अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती सीडीच्या बाबतीत अगदी उलटी आहे. खालून १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक माहितीचे रक्षण करते. वरून मात्र बॉलपेनने जोर देऊन लिहिलेले नावही थर फाडू शकते. म्हणून लेबलावरील ओरखड्यावर काहीही चोळू नये. लग्नाच्या सीडीवर फोटोग्राफरने चिकटवलेला कागदी स्टिकर निघत आला असला तरी तोही ओढून काढू नये, कारण त्याच्याबरोबर परावर्तक थर सोलून निघण्याचा धोका असतो.

डीव्हीडीची घडण वेगळी आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर मधोमध असतो, त्यामुळे लेबलावरील चऱ्याचे भय कमी असते. मात्र खालच्या बाजूचे प्लॅस्टिकही निम्मेच उरते, आणि माहितीचे मार्ग सीडीतील १.६ मायक्रोमीटरऐवजी ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असल्याने ती खालच्या चऱ्यांबाबत अधिक हळवी असते. ब्लू-रेमध्ये तर माहितीवर फक्त ०.१ मिलिमीटरचे आवरण आणि त्यावर एक कठीण लेप असतो. तो लेप घासला की गेला, म्हणून ब्लू-रेला पॉलिश करूच नये.

चरा नेमके काय करतो

लेसरचा किरण खालून प्लॅस्टिकमध्ये शिरतो तेव्हा सीडीच्या पृष्ठभागावर त्याचा ठिपका सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि माहितीच्या थरापर्यंत पोहोचेस्तोवर तो एका-दोन मायक्रोमीटरइतका एकवटतो. पृष्ठभागावरील धूळ किंवा बारीक रेघ किरणाच्या थोड्याच भागाला अडवते, म्हणून बहुतेक डिस्क बऱ्याच ओरखड्यांसह चालतात. त्रास देतो तो उभ्या, तीक्ष्ण कडांचा चरा, कारण त्याच्या कडांवरून किरण भलत्या दिशेला वळतो आणि परावर्तित होऊन परत संवेदकापर्यंत येत नाही.

पॉलिशचे खरे काम त्या कडा बोथट करणे हे आहे. चरा डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत घासण्याची गरज नसते. तीक्ष्ण कडांचा उतार सौम्य झाला की किरण फारसा वळत नाही आणि रेघ दिसत असूनही डिस्क चालू लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळजण डिस्क आरशासारखी होईपर्यंत घासत राहतात. सीडीच्या पारदर्शक थराची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलली की किरण ठरल्याप्रमाणे एकवटत नाही, आणि एकाच जागी जास्त घासल्याने पडलेला खोलगटपणा मूळ चऱ्याहून अधिक त्रासदायक ठरतो.

चऱ्याची दिशाही फार महत्त्वाची आहे. माहितीचा मार्ग केंद्राकडून कडेकडे सर्पिल जातो. केंद्रातून कडेकडे गेलेला आडवा चरा प्रत्येक वेढ्याला फक्त क्षणभर छेदतो, आणि सीडीतील त्रुटीदुरुस्तीची पद्धत सलग सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतची हानी पूर्णपणे भरून काढू शकते. डीव्हीडीत ही मर्यादा सुमारे सहा मिलिमीटर आहे. वर्तुळाच्या दिशेने गेलेला चरा मात्र एकाच वेढ्यावर लांबवर पसरतो आणि दुरुस्तीची ती मर्यादा सहज ओलांडतो. पुसताना आणि पॉलिश करताना हात नेहमी केंद्रापासून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवू नये, हा नियम यातूनच आलेला आहे.

व्हीसीडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. संगणकीय माहितीच्या सीडीवर मूळ त्रुटीदुरुस्तीच्या जोडीला आणखी एक जादा स्तर असतो. व्हीसीडीवर चित्रपटासाठी जास्त जागा मिळावी म्हणून तो वगळलेला आहे. गाण्याच्या सीडीत न वाचलेला क्षण प्लेयर शेजारच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढतो. व्हीसीडीत तशीही सोय नाही, म्हणून चित्रात चौकोन उमटतात, आवाज तुटतो आणि शेवटी सगळे थांबते.

आधी धुणे, मग घासणे

चऱ्यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा नुसत्या धुण्याने सुटतात. बोटांचे तेलकट ठसे, जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून सुटलेला चिकटपणा आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, चढणारी बुरशी यांमुळे किरण चऱ्याइतकाच अडतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे दोनतीन थेंब घालावेत, बोटांच्या मऊ पेरांनी केंद्रापासून कडेकडे हळुवार चोळावे, वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि जुन्या मलमलीच्या किंवा मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावे. कागदी स्टिकर असलेली डिस्क पाण्यात बुडवू नये. तिची फक्त खालची बाजू ओल्या कापडाने पुसावी. चिकट डागांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रावण यांना मात्र डिस्कच्या जवळही आणू नये, कारण त्यांनी पॉलिकार्बोनेट पांढरे पडते आणि त्याला आतून बारीक भेगा जातात. जाळीसारखी बुरशी धुतल्यावरही तशीच दिसत असेल, तर ती थरांच्या आत शिरलेली असते आणि तिला बाहेरून काही करता येत नाही.

धुतल्यानंतरही डिस्क अडकत असेल तर चऱ्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडत नसेल तर साधे पॉलिश पुरते. नख स्पष्टपणे अडत असेल तर साध्या पॉलिशने काम होणार नाही, हे आधीच गृहीत धरावे.

कोणते पॉलिश

डिस्क ज्या पॉलिकार्बोनेटची असते त्याचेच मोटारींच्या हेडलाइटचे पारदर्शक झाकण असते. त्यामुळे मोटारींच्या सामानाच्या दुकानात मिळणारे हेडलाइटचे किंवा प्लॅस्टिकचे पॉलिश ही माझ्या मते सर्वांत योग्य निवड आहे. त्यातील कण एकसारखे आणि बारीक असतात. मोटारीच्या रंगावरील ओरखडे काढण्याचे रबिंग कंपाउंड त्याहून खरखरीत असते. ते वापरलेच तर त्यावर बारीक पॉलिशचा हात द्यावा लागतो.

पितळी वस्तूंसाठी किंवा एनसीसीच्या बिल्ल्यांसाठी घरात आणलेला ब्रासो कामाचा आहे, कारण त्यात बारीक घर्षक कण असतात. मात्र त्यातील द्रावक आणि अमोनिया प्लॅस्टिकवर फार वेळ राहू देऊ नयेत. पितळावर करतात तसा तो वाळू न देता, थोडा थोडा लावून लगेच साबणाच्या पाण्याने धुवावा, आणि काम खिडकी उघडी ठेवून करावे.

टूथपेस्ट हा सर्वांत प्रसिद्ध उपाय आहे आणि बारीक चऱ्यांपुरता तो खराही आहे. पेस्ट साधी पांढरी असावी. पारदर्शक जेलमध्ये घर्षक कमी असते, तर मीठ, कोळसा किंवा दाणे घातलेल्या पेस्टमधील कणांचा आकार भरवशाचा नसतो. लाल दंतमंजन, राखुंडी, खाण्याचा सोडा आणि तांब्यापितळेची भांडी उजळण्याची पूड यांनी नवे चरे पडतात, म्हणून त्या वापरू नयेत.

मेण, पेट्रोलियम जेली आणि मोटारीला लावायचे वॅक्स हे पदार्थ काहीच घासत नाहीत. ते चऱ्यात बसतात, आणि हवेपेक्षा त्यांचे प्रकाशीय गुण प्लॅस्टिकच्या जवळचे असल्याने किरण कमी वळतो. त्याचा परिणाम ताबडतोब दिसतो, म्हणून लोकांना तो चमत्कारासारखा वाटतो. पण जेली पुसली जाते, धूळ धरते, उन्हाळ्यात पातळ होते, आणि डिस्क पुन्हा होती तिथे येते. अनेक पॉलिशमध्येही घर्षकाबरोबर मेण किंवा तेल असते. वारंवार परतणाऱ्या तक्रारीचे सर्वांत सामान्य मूळ हेच आहे: कडा बोथट झालेल्याच नसतात, नुसती भर पडलेली असते. आपल्या डिस्कचे असे झाले आहे का हे पाहायचे असेल तर पॉलिशनंतर ती साबणाच्या पाण्याने नीट धुऊन, वाळवून मगच लावून पाहावी. धुतल्यावरही चालली तर चरा खरोखर सौम्य झाला आहे.

प्रत्यक्ष कृती

सपाट टेबलावर स्वच्छ, मऊ कापडाची घडी घालून तिच्यावर डिस्क लेबल खाली करून ठेवावी. त्या घडीत एखादा वाळूचा कण राहिला तर खालून लेबल फाटेल, म्हणून कापड झटकून घेतलेले असावे. बोटावर गुंडाळलेल्या ओलसर सुती कापडाला वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन केंद्रापासून कडेकडे सरळ हात फिरवावा. चऱ्याच्या रेषेपुरतेच न घासता त्याच्या दोन्ही बाजूंना दोनतीन सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा घ्यावा, म्हणजे खड्डा न पडता उतार तयार होतो. दाब मध्यम असावा. डिस्क वाकता कामा नये, कारण वाकल्याने केंद्राजवळ तडे जातात. काही मिनिटे घासून धुवावे, वाळवावे आणि चालवून पाहावे. फरक पडला पण पुरेसा नसेल तर आणखी एक फेरी करावी. दोनतीन फेऱ्यांनंतर काहीही फरक नसेल तर घासणे थांबवून पुन्हा निदानाकडे वळावे.

नख अडणाऱ्या चऱ्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातील वॉटर पेपर लागतो. २००० क्रमांकाचा कागद पाण्यात भिजवून, पाणी सतत घालत, अगदी हलक्या हाताने फिरवावा. मग ३००० क्रमांकाचा आणि शेवटी पॉलिश. मधल्या टप्प्यावर डिस्क पूर्ण पांढुरकी दिसते. पहिल्यांदा करणाऱ्याला ते पाहून धसका बसतो, पण प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत थांबले तर पारदर्शकता परत येते. घाईने टप्पा गाळल्यास मात्र धुरकटपणा कायम राहतो. हे काम प्रथम एखाद्या निरुपयोगी डिस्कवर करून पाहावे. ड्रिलला बफ लावून काम लवकर उरकण्याचा मोह टाळावा, कारण घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन ओढले जाते.

मधल्या भोकापाशी तडा दिसत असेल तर ती डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालूच नये. ५२ पटीचा ड्राइव्ह मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांपर्यंत जातो आणि त्या वेगात तडकलेली डिस्क आतच फुटू शकते.

तरीही पुन्हा अडकत असेल तर

पॉलिश धुतल्यावरही डिस्क चालली, आणि तरीही काही दिवसांनी अडकू लागली, तर नवे चरे कुठून येतात हे शोधावे. केंद्राभोवती अचूक वर्तुळाकार रेघ दिसली तर ती हाताने पडलेली नसते. प्लेयरची पकड सैल आहे, डिस्क वाकलेली आहे किंवा आतला एखादा भाग तिला घासतो आहे, असा त्याचा अर्थ आहे. त्या प्लेयरमध्ये दुरुस्तीशिवाय कोणतीही डिस्क घालू नये. कापडी अस्तर नसलेल्या पाकिटात डिस्क सरकवतानाही दर वेळी धूळ तिच्यावर ओढली जाते.

घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आर यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्यातील माहिती कारखान्यात ठसा उमटवून तयार होत नाही. ती एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेली असते, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी ते रंगद्रव्य हळूहळू खराब होते. खालची बाजू निर्मळ दिसत असून डिस्क दरवेळी थोडी थोडी जास्त अडकत असेल, किंवा बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन बिघाड आत सरकत असेल, तर कारण चरा नसून हे असण्याचा संभव अधिक आहे. अशा डिस्कला घासण्यात एक दिवसही घालवू नये. ती ज्या ड्राइव्हमध्ये सर्वांत बरी चालते त्यात घालून जेवढे मिळेल तेवढे आजच उतरवावे.

उतरवताना साधी कॉपी-पेस्ट वापरू नये, कारण पहिल्याच न वाचलेल्या तुकड्यावर ती सगळे काम सोडून देते. माहितीच्या सीडी आणि घरगुती डीव्हीडी यांसाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उत्तम आहे. तो आधी सहज वाचता येणारे भाग घेतो, कठीण भाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचतो आणि काय मिळाले याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. त्या नोंदीमुळे तीच डिस्क मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले तुकडे वाचता येतात, आणि दोन ड्राइव्हच्या वाचण्यात आश्चर्य वाटावे इतका फरक असतो. व्हीसीडीची रचना वेगळी असल्याने तिच्यासाठी आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम घ्यावा आणि गाण्यांच्या सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा सीडीपॅरानोया. वाचनाचा वेग शक्य तितका कमी ठेवावा.

वर निषिद्ध मानलेली जेली इथे मात्र उपयोगी पडते. दोन फेऱ्यांच्या पॉलिशनंतरही एकदोन चरे हटत नसतील, तर त्यांच्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात देऊन, वरचे सगळे पुसून काढून, कमी वेगात तेवढेच राहिलेले तुकडे वाचून घ्यावेत आणि डिस्क लगेच धुवावी. जाड थर ठेवल्यास तो फिरताना उडून ड्राइव्हच्या भिंगावर बसतो.

प्रत तयार झाल्यावर ती पहिल्या मिनिटापुरती पाहून समाधान मानू नये. डिस्क पूर्वी जिथे जिथे अडकत होती त्या जागा आणि शेवटची दहा मिनिटे मुद्दाम चालवून पाहावीत, फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यानंतरच मूळ डिस्क कडक डबीत, उभी, उन्हापासून दूर ठेवून द्यावी.